स्मृतीच्या राखणदारांची झडती

संगणकाची स्मृती शिकवताना फळ्यावर बहुधा एक ठरावीक चित्र काढले जाते. टपाल कार्यालयात पत्रे लावायचे खण असतात तसे चौकोन, प्रत्येक खणाला क्रमांक आणि प्रत्येक खणात ० किंवा १. एका खणात काही ठेवले किंवा त्यातून काही काढले तरी शेजारच्या खणाला त्याची खबर नसते. हे चित्र सोपे आहे, उपयोगी आहे आणि बरीच वर्षे ते पुरेसेही होते. परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्यातले शेवटचे गृहीतक मोडून काढले. स्मृतीतली एक ओळ पुन्हा पुन्हा नुसती वाचली, तरी शेजारच्या ओळीतला ० चा १ किंवा १ चा ० होऊ शकतो, असे त्यात सप्रयोग दाखवले होते. या दोषाला 'रोहॅमर' म्हणजे 'ओळीवरचा हातोडा' असे नाव पडले.

दोषाची ओळख करून देणे हा या लेखाचा एक भाग झाला. मुख्य हेतू आहे तो त्यावर सुचवलेल्या उपायांची चिकित्सा करण्याचा. गेल्या दहा-बारा वर्षांत असे अनेक उपाय आले आणि त्यांतले बरेच मोडले. ते कसे मोडले हे पाहू लागलो की एक फरक ठळकपणे दिसतो. ज्या उपायाचा नियम उघड होता, त्यातली चूक लवकर सापडली आणि दुरुस्तही झाली. ज्याचा नियम झाकून ठेवला होता, त्यातली चूक मात्र ग्राहकाच्या यंत्रात तशीच बसून राहिली.

गळक्या घागरींचे कोठार

आपल्या संगणकात आणि मोबाईलमध्ये जी कामचलाऊ स्मृती असते, तिला डीरॅम म्हणतात. तिची मूळ कल्पना आयबीएम या कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांची; तिचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि एक छोटे धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, मिळून एक बिट. धारित्रात विद्युतभार असला तर १ आणि नसला तर ०, असे मानायचे. १९७० मध्ये इंटेलने बाजारात आणलेल्या ११०३ या चिपमध्ये १,०२४ बिट होते. आज १६ गिगाबिटच्या एका चिपमध्ये ते सुमारे १,७०० कोटी असतात. चिपचा आकार काही त्या प्रमाणात वाढला नाही. म्हणजे घागरी लहान होत गेल्या आणि एकमेकींना खेटून बसल्या.

या घागरी गळक्या आहेत. धारित्रातला भार हळूहळू निसटतो, म्हणून ठरावीक काळाने प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. यालाच आपण पुनर्भरण म्हणू. डीडीआर४ प्रकारच्या स्मृतीत हा काळ ६४ मिलिसेकंद असतो, तर डीडीआर५ मध्ये ३२ मिलिसेकंद.

आता एक बारकावा लक्षात ठेवायचा. एकच बिट हवा असला तरी त्याची संपूर्ण ओळ 'उघडावी' लागते. ओळ उघडली की तिच्यातला भार संवेदक परिपथात येतो आणि तिथून पुन्हा जागच्या जागी भरला जातो. म्हणजे जी ओळ उघडली ती ताजी होते. त्रास होतो तो तिच्या शेजारणीला. ओळ उघडताना आणि बंद करताना तिच्या तारेवरचा दाब वरखाली होतो आणि दर वेळी शेजारच्या धारित्रांतून भाराचा किंचित अंश निसटतो.

ऊसपट्ट्यातल्या शिक्षकांना सरी-वरंब्याचे उदाहरण जवळचे वाटेल. एका सरीत एकदा पाणी सोडले तर शेजारची सरी कोरडीच राहते. तेच पाणी पुन्हा पुन्हा सोडत राहिले तर ओल वरंब्यातून झिरपत पलीकडे पोचते. स्मृतीतही तसेच घडते. शेजारणीच्या दोन पुनर्भरणांच्या मधल्या काळात पुरेसे धक्के बसले की तिच्यातला एखादा दुबळा बिट उलटतो.

'पुरेसे' म्हणजे किती? एक ओळ उघडून बंद करायला सुमारे ५० नॅनोसेकंद लागतात. ६४ मिलिसेकंदांना ५० नॅनोसेकंदांनी भागले की उत्तर येते १२ लाख ८० हजार. एका पुनर्भरण-चक्रात जास्तीत जास्त इतके धक्के देता येतात. २०१४ च्या संशोधनात कार्नेगी मेलन विद्यापीठातील युंगू किम, ओनुर मुतलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅमच्या १२९ पट्ट्या तपासल्या. त्यांपैकी ११० पट्ट्यांत बिट उलटले आणि सर्वांत दुबळ्या पट्टीत १,३९,००० धक्के पुरले. २०२० मध्ये याच परंपरेतल्या दुसऱ्या पाहणीत मोबाईलमधल्या नव्या चिपांसाठी हा आकडा दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ४,८०० धक्के, म्हणजे एकूण ९,६०० इतका खाली आला होता. घागरी जितक्या लहान, तितका धक्का मोठा.

दोषाचे शस्त्र कसे झाले

चुकून एखादा बिट उलटणे ही संगणकशास्त्राला नवी गोष्ट नाही. अंतराळातून येणाऱ्या कणांमुळेही तसे होते. पण तिथे नेम धरता येत नाही. इथे धरता येतो. मार्च २०१५ मध्ये गुगलमधील मार्क सीबॉर्न आणि थॉमस डलियन यांनी तो धरून दाखवला.

कोणत्या कार्यक्रमाने स्मृतीचा कोणता भाग वापरायचा, याची नोंदवही संगणक स्मृतीतच ठेवतो. तलाठ्याच्या दप्तरासारखीच ती असते. या नोंदवहीतल्या गट क्रमांकाचा एकच आकडा बदलला तर माझी नोंद दुसऱ्याच्या जमिनीकडे बोट दाखवू लागेल. कुलूप फोडावे लागत नाही आणि दप्तराला हातही लावावा लागत नाही. शेजारच्या कपाटाचे दार फक्त आपटत राहायचे. सीबॉर्न आणि डलियन यांनी २९ लॅपटॉप तपासले, त्यांपैकी १५ मध्ये बिट उलटले. आणि उलटलेल्या बिटांच्या आधारे साध्या कार्यक्रमाला संपूर्ण संगणकाचा ताबा मिळवता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. त्याच वर्षी न्याहाळकात चालणाऱ्या जावास्क्रिप्टमधूनही बिट उलटवून दाखवण्यात आले आणि २०१६ मध्ये अँड्रॉइड फोनवरही हल्ला यशस्वी झाला.

येथे प्रमाणाचे भान ठेवले पाहिजे. ही गाजलेली उदाहरणे संशोधकांनी केलेल्या प्रयोगांची आहेत. शाळेच्या संगणकाला अधिक धोका आहे तो सोप्या संकेतशब्दाचा आणि कुठून कुठून येणाऱ्या पेनड्राइव्हचा. मग रोहॅमरची चिंता का करायची? कारण आज बँकेची खाती, रुग्णालयांच्या नोंदी आणि सातबारा उतारे यांची कामे मोठ्या सर्व्हरांवर चालतात आणि भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर एकाच स्मृतीत अनेक अनोळखी ग्राहक शेजारी शेजारी राहतात. त्यांच्यामध्ये भिंत आहे, या विश्वासावर हा सारा व्यवहार उभा आहे. शिवाय संगणकाच्या कार्यक्रमातली चूक नव्या आवृत्तीने दुरुस्त करता येते, तशी विकलेल्या चिपची घडण घरी बसून बदलता येत नाही.

अधिक वेळा पुनर्भरण

सर्वांत आधी सुचणारा उपाय म्हणजे पुनर्भरण अधिक वेळा करणे. तपासलेल्या पट्ट्यांतल्या सगळ्या चुका थांबवायच्या तर ६४ ऐवजी ८.२ मिलिसेकंदांनी पुनर्भरण करावे लागेल, असे २०१४ च्याच संशोधनात नोंदवले आहे. म्हणजे जवळजवळ आठपट. याचा खर्च वर्गात काढता येईल. डीडीआर४ मध्ये दर ७.८ मायक्रोसेकंदांना पुनर्भरणाची एक आज्ञा येते आणि ८ गिगाबिटच्या चिपमध्ये ती सुमारे ३५० नॅनोसेकंद चालते. तेवढा वेळ स्मृती दुसरे काम करू शकत नाही. हे प्रमाण होते साडेचार टक्के. आठपट केले तर सुमारे ३६ टक्के! एक चोर पकडण्यासाठी सगळ्या गावाने दिवसाचा एकतृतीयांशाहून अधिक वेळ घरात बसून राहावे, असा हा उपाय झाला. सुरक्षितता मिळेल, पण काम होणार नाही.

म्हणून त्याच संशोधकांनी 'पारा' नावाचा दुसरा उपाय सुचवला. कोणतीही ओळ बंद होताना नाणे उडवायचे आणि हजारात एकदा तिच्या दोनपैकी एका शेजारणीचे पुनर्भरण करायचे. मोजणी नाही, नोंदवही नाही. हल्लेखोराला नियम कळला तरी नाण्याचा कौल आधी कळणार नाही. अत्यंत कमी खर्चात मिळणारा असा हा देखणा उपाय होता.

त्याची मर्यादा मात्र आकड्यांत आहे. एका ठरावीक शेजारणीची पाळी दर धक्क्याला ०.०००५ या संभाव्यतेने येते. १,३९,००० धक्क्यांत ती एकदाही न येण्याची शक्यता म्हणजे ०.९९९५ चा १,३९,००० वा घात. हे उत्तर १ भागिले १० चा ३० वा घात याच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ शून्य. धोक्याचा आकडा ९,६०० वर आला की हीच शक्यता ०.००८ होते. हजारात ८ यश म्हणजे किरकोळ वाटेल. पण एका प्रयत्नाला अर्धा मिलिसेकंदच लागत असल्याने असे सव्वाशे प्रयत्न सेकंदाच्या दहाव्या भागातही संपतात. जुनी खात्री परत मिळवायची तर नाण्याचा कौल हजारात १ ऐवजी हजारात १४-१५ वेळा यावा लागेल आणि त्या प्रमाणात खर्चही वाढेल. तरीही 'पारा'ची एक बाजू मोलाची आहे. तो कुठे कमी पडतो हे कागदावर गणित करून कुणालाही सांगता येते.

झाकलेली मूठ

उत्पादकांनी निवडलेला मार्ग वेगळा होता. डीडीआर४ च्या काळात चिपच्या पोटातच 'टीआरआर' नावाची यंत्रणा बसवण्यात आली. कोणत्या ओळींवर संशयास्पद धक्के बसत आहेत हे ती हेरते आणि त्यांच्या शेजारणींचे वेळेआधी पुनर्भरण करते, एवढेच सांगण्यात आले. किती ओळींवर नजर ठेवते, कशी निवडते आणि कधी विसरते, यांपैकी काहीही जाहीर केले गेले नाही. काही उत्पादनांची जाहिरात तर 'रोहॅमरमुक्त' अशी झाली.

२०२० मध्ये अॅम्स्टरडॅमच्या व्रिए विद्यापीठातील आणि झुरिचच्या ईटीएच या संस्थेतील संशोधकांनी या यंत्रणेची उलटतपासणी केली. नजर ठेवण्याच्या तिच्या जागा मोजक्याच होत्या. दोन ओळींऐवजी अनेक ओळींवर आळीपाळीने धक्के दिले की तिचा गोंधळ उडे. ४२ पैकी १३ पट्ट्यांत बिट उलटले. पुढच्याच वर्षी ईटीएचच्या गटाने धक्क्यांची लय बदलत्या वारंवारतेची ठेवली, तेव्हा तपासलेल्या चाळीसच्या चाळीस पट्ट्या हरल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ईटीएच आणि गुगल यांनी एसके हायनिक्सच्या २०२१ ते २०२४ मधल्या डीडीआर५ पट्ट्यांवरही हेच दाखवले. तपासलेल्या पंधराही पट्ट्यांत बिट उलटले आणि संगणकाचा ताबा मिळवायला सर्वांत कमी वेळ लागला तो १०९ सेकंद. पुनर्भरण तिप्पट केल्यास तो हल्ला थांबतो, पण कामाचा वेग ८.४ टक्क्यांनी घटतो, असेही त्यांनी मोजून सांगितले.

उत्पादकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. स्पर्धा तीव्र आहे, चिपची अंतर्गत मांडणी हे व्यापारी गुपित आहे आणि नियम उघड केला तर हल्लेखोराचे काम सोपे होईल अशी भीती आहे. यांतली शेवटची सबब मात्र शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच निकालात निघाली आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये सांकेतिक लिपींसंबंधी लिहिताना असे तत्त्व मांडले की, यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी सुरक्षितता टिकली पाहिजे. टीआरआरचे गुपित संशोधकांनी बाहेरून प्रयोग करून उकललेच. मग गुपिताने साधले काय? विकत घेणाऱ्याला खात्री करून घेता आली नाही, इतकेच.

पंचगंगेचे उदाहरण घ्या. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पावसाळ्यात पाणी किती फुटांवर आहे हे जाहीर होते आणि त्यावरून लोक आपापली तयारी करतात. हे आकडे गुपित ठेवून 'आमची यंत्रणा लक्ष ठेवून आहे' एवढेच सांगितले असते, तर नदीकाठच्या किती जणांना रात्री झोप लागली असती? स्मृतीच्या चिपांचे नेमके तसे झाले आहे. धोका पातळी कोणती हे पट्टीवर लिहिलेले नसते. आणि वर दर पिढीला ती पातळी खाली येत असते.

मोजक्या काट्यांची मोजणी

मग उघड आणि पक्की मोजणी करायची तर अडचण कोणती? अडचण जागेची आहे. स्मृतीच्या एका गटात ६५,५३६ ओळी असू शकतात आणि चिपमध्ये असे १६ ते ३२ गट असतात. प्रत्येक ओळीसाठी नियंत्रकात वेगळा वेगवान काटा ठेवणे फार महाग पडते. सगळे न मोजता सगळ्यांत धोकादायक ओळ नक्की कशी सापडेल?

याचे उत्तर १९८२ सालचे आहे. आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी जयदेव मिश्रा आणि त्यांचे सहकारी डेव्हिड ग्रीस यांनी पुनरावृत्त घटक शोधण्याची एक रीत त्या वर्षी प्रसिद्ध केली. ती वर्गात चिठ्ठ्या घेऊन करून पाहता येते.

फळ्यावर दोनच काटे ठेवा. चिठ्ठी वाचली की तिचा क्रमांक एखाद्या काट्यावर असेल तर तो एकने वाढवा. नसेल आणि काटा रिकामा असेल तर तिथे हा क्रमांक लिहून १ मांडा. दोन्ही काटे दुसऱ्याच क्रमांकांनी व्यापलेले असतील तर दोन्हींतून एकेक वजा करा आणि नवी चिठ्ठी सोडून द्या. काटा शून्यावर आला की तो रिकामा. आता ७, ३, ७, ९, ७, ४, ७, ३, ७, २, ७, ५ या बारा चिठ्ठ्या क्रमाने वाचा. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या चिठ्ठीला वजाबाकी होते. शेवटी एका काट्यावर ७ हा क्रमांक आणि ३ हा आकडा उरतो. दुसरा काटा रिकामा असतो.

हा योगायोग नाही. प्रत्येक वजाबाकीत तीन वेगवेगळ्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या एकदम बाद होतात. बारा चिठ्ठ्यांत असे जास्तीत जास्त चार वेळा होऊ शकते. म्हणून जो क्रमांक चारपेक्षा अधिक वेळा आला, तो पूर्णपणे पुसला जाणे अशक्य आहे. चिठ्ठ्यांचा क्रम कसाही बदलून पाहा, ७ उरणारच. विद्यार्थ्यांना हा क्रम बदलून काटे फसवायला सांगावे; ते फसत नाहीत हे स्वतः अनुभवले की सिद्धतेचे महत्त्व वेगळे पटवावे लागत नाही.

२०२० मध्ये कोरियन संशोधकांनी 'ग्राफीन' या नावाने हीच कल्पना स्मृतीला लावली. समजा धोक्याचा आकडा ५०,००० आहे. हल्ला दोन्ही बाजूंनी होऊ शकतो म्हणून त्याचे निम्मे; मोजणीचे चक्र आणि पुनर्भरणाचे चक्र एकाच क्षणी सुरू होत नाही म्हणून पुन्हा निम्मे. इशारा पातळी झाली १२,५००. एका चक्रातले १२,८०,००० धक्के भागिले १२,५०० म्हणजे सुमारे १०२. पासष्ट हजार ओळींच्या राखणीला शंभर-सव्वाशे काटे पुरले आणि त्यातून एकही हल्लेखोर निसटणार नाही याची गणिती हमीही मिळाली!

परंतु येथेही चिकित्सा थांबवता येत नाही. धोक्याचा आकडा ९,६०० वर आला की इशारा पातळी २,४०० होते आणि काटे लागतात ५३३, तेही प्रत्येक गटाला. शिवाय ओळ उघडताच ती कोणत्या काट्यावर आहे हे काही नॅनोसेकंदांत शोधायचे असते. त्यासाठी सगळे काटे एकाच वेळी तपासणारी खर्चिक मांडणी लागते. हमी कायम राहते, किंमत वाढत जाते. आणखी एक अडचण अशी की, चिपच्या आत कोणती ओळ कोणाच्या शेजारी आहे हेसुद्धा गुपितच असते. पहारेकऱ्याला चोर सापडला, पण शेजारचे घर कोणते हे सांगितलेच नाही, तर तो कोणाला उठवणार?

औषधच रोग होते तेव्हा

२०२१ मध्ये गुगलच्या संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. शेजारणीचे पुनर्भरण करायचे म्हणजे ती उघडायची. आणि उघडणे हाच तर धक्का. राखणदार जितक्या वेळा पहिल्या शेजारणीला ताजे करतो, तितक्या वेळा दुसऱ्या शेजारणीला धक्का बसतो. अशा रीतीने दोन ओळी पलीकडचा बिटही उलटवता आला. एकाच्या शेतातले पाणी काढून देताना ते पुढच्याच्या शेतात शिरावे, तसा हा प्रकार.

याच मुद्द्याशी महाराष्ट्रात शिकलेल्या एका संशोधकाचे काम निगडित आहे. मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी गुरुराज सैलेश्वर यांनी सहकाऱ्यांसह २०२२ मध्ये वेगळा विचार मांडला. शेजारणीला सावरत बसण्यापेक्षा धक्के खाणारी ओळच उचलून स्मृतीतल्या कोणत्यातरी दुसऱ्या ओळीच्या जागी न्यायची आणि तिथली इकडे आणायची. हल्लेखोराला आपला शेजारी कोण हे कळेनासे होईल. कल्पना आकर्षक होती. पण अदलाबदल करताना मूळ जागेवरची ओळ पुन्हा उघडावी लागते आणि ते जादा धक्के मोजणीतून सुटतात. त्यांचा उपयोग करून ही यंत्रणा एका दिवसाच्या आत मोडता येते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ उपाय सुरक्षितही नाही आणि पुढे वाढवण्याजोगाही नाही, असे त्या निबंधात स्वच्छ लिहिले आहे. त्या निबंधाच्या तीन लेखकांपैकी एक स्वतः सैलेश्वर होते; दुसरे, प्रशांत नायर, हेही मूळ उपायाच्या कर्त्यांपैकीच. दोष दाखवून ते थांबले नाहीत. अदलाबदलीचे जादा धक्के टाळणारी सुधारित रीत त्यांनी मांडली आणि तिला जागाही पूर्वीपेक्षा ३.३ पट कमी लागते.

टीआरआरची आणि या उपायाची तुलना विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावी. मोडले दोन्ही. एकाची चूक वर्षभरात त्याच्या कर्त्यांनीच चव्हाट्यावर आणली; दुसऱ्याची चूक परक्यांना वर्षानुवर्षे खणून काढावी लागली, आणि तोवर त्या पट्ट्या घरोघरी पोचल्या होत्या.

सैलेश्वर यांच्या टोरोंटो विद्यापीठातील गटाने जुलै २०२५ मध्ये दाखवले की, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रप्रक्रियकांच्या स्मृतीलाही हा दोष आहे. एकच बिट योग्य जागी उलटला आणि चित्रे ओळखणाऱ्या प्रणालीची अचूकता ८० टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली आली. त्यावर चुकदुरुस्ती संकेत चालू ठेवावा असा सल्ला देण्यात आला. त्याची किंमत ६.२५ टक्के स्मृती आणि १० टक्क्यांपर्यंत वेग. हा संकेत उपयोगी आहे, पण तो साधारणतः एक उलटलेला बिट दुरुस्त करतो आणि दोन असतील तर ओळखतो. तीन बिट एकदम उलटवून त्याला चकवता येते, हे सर्व्हरांच्या डीडीआर३ स्मृतीबाबत २०१८ मध्येच सिद्ध झाले आहे.

नवे मानक आणि जुनी यंत्रे

एप्रिल २०२४ मध्ये जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने डीडीआर५ च्या मानकात 'प्रॅक' नावाची तरतूद केली. यात प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचाच काटा त्याच स्मृतीत ठेवलेला असतो. ओळ उघडली की काटा वाढतो आणि ठरलेली पातळी गाठली की चिप स्वतःच नियंत्रकाला 'थांबा' अशी खूण करते. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांची इथे आठवण होते. पाणी ठरलेल्या पातळीला आले की दार उघडते. कोणाच्या अंदाजावर किंवा हुकमावर ते अवलंबून नसते. मोजणी पूर्ण आहे, शेजारी कोण हे चिपला माहीत आहे आणि नियम मानकात छापलेला आहे. आधीच्या उपायांतल्या तीन मोठ्या उणिवा येथे एकदम दूर झाल्या.

फुकट मात्र काहीच नसते. दर वेळी काटा वाचून, वाढवून पुन्हा लिहायचा असल्याने एका ओळीचे उघड-मिटीचे चक्र ४६ वरून सुमारे ५२ नॅनोसेकंदांवर जाते. हा भुर्दंड हल्लेखोराबरोबर प्रामाणिक कार्यक्रमालाही पडतो. मुद्दाम 'थांबा'ची खूण वारंवार घडवून सगळ्यांचे काम मंद करण्याची वाटही शिल्लक राहते. म्हणून काटा दर वेळी न वाढवता संभाव्यतेने वाढवावा का, यावर संशोधन चालू आहे. 'पारा'तले नाणे पुन्हा उपयोगी पडते आहे!

आणि मानकात आले म्हणजे प्रत्येक पट्टीत आले असे नव्हे. शाळांच्या संगणक कक्षांत डीडीआर३ आणि डीडीआर४ ची यंत्रे अजून कामात आहेत. त्यांच्यात हे काटे कधीच येणार नाहीत. त्यांच्यासाठी पुनर्भरण वाढवणे, संगणकप्रणाली आणि न्याहाळक अद्ययावत ठेवणे, अनोळखी कार्यक्रम न चालवणे एवढेच हाती उरते. सुरक्षिततेचा लाभ नवे यंत्र घेणाऱ्याला आधी आणि जुन्यावर भागवणाऱ्याला शेवटी किंवा कधीच नाही, ही या साऱ्या प्रगतीतली खरी विषमता आहे. तिची नोंद संशोधन-निबंधांतल्या टक्केवारीत सहसा होत नाही.

कोणत्याही उपायाला चार प्रश्न विचारावेत. नियम उघड आहे का? हमी गणिताने पडताळता येते का? उपायामुळे नवा धक्का बसतो का? आणि त्याची किंमत कोण देतो? हे चार प्रश्न विचारले की पुढच्या जाहिरातीतल्या 'पूर्णपणे सुरक्षित' या शब्दांचे वजन विद्यार्थ्याला स्वतःच करता येईल. फळ्यावरचे खणांचे चित्रही पुसायचे कारण नाही. त्या खणांमधल्या भिंती पातळ आहेत आणि त्या किती पातळ आहेत हे मोजता येते, एवढे त्याखाली लिहिले म्हणजे झाले.